शिळी साक्ष

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंवर एवढी संतापली, की भर कार्यशाळेत सगळ्यांच्या देखत तिने त्यांच्या पुढ्यातले टेबल दोन्ही हातांनी ढकलून दिले. तिच्या रागाला कारण होते. ते कारण कितपत खरे, हे उमगण्यासाठी मात्र तिला आधी तो राग पुरता भोगावा लागला.

कृष्णाकाठच्या एका गावात बाबगोंडा मगदूम नावाचे वृद्ध अभियंते राहत. मोठ्या शहरातली नोकरी संपवून ते गावी परतले होते आणि त्यांनी एक छोटीशी कार्यशाळा काढली होती. ते गाव दवाखान्यांचे. लांबलांबून रुग्ण तिथे येत. मगदूम सर त्या दवाखान्यांसाठी औषधाचे पंप बनवत. शिरेतून द्यायचे औषध ठरलेल्या गतीने, थेंबाथेंबाने सोडणारे हे यंत्र. परदेशी पंप ज्यांच्या आवाक्यात नव्हते, त्या लहान दवाखान्यांना सरांच्या पंपाचा मोठा आधार वाटे. पंपाच्या पोटात एक इवलासा संगणक, म्हणजे चिप, असे. त्याने काय करायचे हे सांगणारा प्रोग्रॅम कार्यशाळेतच लिहिला जाई, आणि तो लिहिण्याचे काम तस्लीम मुजावरकडे होते.

तस्लीम कॉलेज संपवून थेट सरांकडे आली होती. बुद्धी तल्लख, हात वेगवान आणि स्वभाव जरा तिखट. सरांनी तिला पोटच्या पोरीसारखे शिकवले होते. "लिहिणं सोपं आहे गं," ते म्हणत, "लिहिलेलं यंत्राला काय कळलं, ते विचारणं अवघड."

माणूस जे लिहितो ते यंत्राला थेट कळत नाही, हे आपण जाणतोच. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला कम्पायलर म्हणतात. प्रत्येक जातीच्या चिपेचा दुभाषा निराळा असतो. म्हणून मोठा प्रोग्रॅम बांधायला घेण्याआधी कम्पायलरला बारीकसारीक प्रश्न विचारायचे, अशी रीत सरांनी घालून दिली होती. तुझ्या चिपेमध्ये अमुक सोय आहे का? आकडा ठेवायच्या तुझ्या खान्यात, म्हणजे कप्प्यात, केवढी संख्या मावते? असा प्रत्येक प्रश्न म्हणजे दोन-चार ओळींचा एक चिमुकला प्रोग्रॅम असे. कम्पायलरने तो मुकाट्याने घेतला तर उत्तर होकाराचे, तो अडला तर नकाराचे. या उत्तरांवरून मोठ्या प्रोग्रॅमची बांधणी ठरे. खाना लहान असला, तर मोठी संख्या दोन खान्यांत वाटून ठेवण्याची जास्तीची तजवीज त्यात आपोआप येई. खाना मोठा असला, तर ती वगळली जाई.

या सगळ्याला वेळ फार लागे. काम लावून मंडळी जेवायला जात आणि परत येत, तरी संगणक आपला दळतच असे. तस्लीमला हे सहन होईना. तिने कार्यशाळेत एक साठा बसवला. जाणकार त्याला कॅश म्हणतात. एकदा भाषांतर केलेला मजकूर हा साठा जपून ठेवी. तोच मजकूर पुन्हा समोर आला, की कम्पायलरला उठवायचेच नाही, जुने भाषांतर काढून पुढे करायचे. जेवण होईपर्यंत चालणारे काम चहा कपात ओतेपर्यंत होऊ लागले. सरांना एवढा आनंद झाला, की त्यांनी पेढे आणून स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटले.

तरी तस्लीमला एक गोष्ट खुपत होती. साठा दर वेळी कम्पायलरची ओळख पटवून घेई. हा कालचाच आहे ना, बदललेला नाही ना? या चौकशीत वेळ जाई. कम्पायलर काय रोज बदलतो? तिने ती चौकशी बंद करून टाकली. एका ओळीचे काम होते. कोणाला सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे तिला वाटलेही नाही.

पुढे जुन्या चिपा बाजारातून नाहीशा झाल्या. सरांनी त्याच कारखान्याची दुसरी, आकाराने लहान चिप निवडली. तिचा कम्पायलर आला. तो जुन्याच्या जागी, जुन्याच नावाने बसवला गेला. नव्या चिपेसाठी तस्लीमने मोठ्या प्रोग्रॅमचे पानन् पान बदलले. मग तिने नेहमीची तपासणी लावली. सगळी उत्तरे झरझर आली, सगळी मनासारखी आली. पाण्याची पिशवी टांगून पंप संध्याकाळपर्यंत चालवून पाहिले, थेंबाचाही फरक दिसला नाही. पंप दवाखान्यांत गेले.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी एस्तेर सिस्टर कार्यशाळेत शिरल्या. त्या गावातल्याच एका दवाखान्यातल्या हृदयरुग्णांच्या वॉर्डाच्या प्रमुख. मगदूम सरांचे पंप घ्या, म्हणून डॉक्टरांकडे शब्द टाकणाऱ्या त्याच होत्या. हातात टॉवेलात गुंडाळलेला पंप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"मगदूम सर, हे घ्या तुमचं यंत्र. बसा म्हणू नका मला, मी बसायला आले नाही."

"काय झालं, सिस्टर?"

"काय झालं? माझ्या वॉर्डातल्या हौसाक्का गेल्या असत्या, ते झालं!" सिस्टरांचा आवाज चढला. "हे औषध सुरुवातीला थोडं वेगानं द्यायचं असतं आणि मग दिवसभर, रात्रभर अगदी मुंगीच्या पावलानं. काल दिवसभर नीट चाललं. आज पहाट उलटल्यावर तुमच्या पंपाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली! तोच वेग, तोच डोस. बाईची नाडी बसली, रक्तदाब खाली गेला. मी शेजारच्या खाटेवर इंजेक्शन देत होते म्हणून दिसलं तरी. नळी हातानं चिमटून धरली मी. म्हातारी अजून अतिदक्षता विभागात आहे."

तस्लीम घाबरली. पण माणसाचे मन विचित्र असते. भीतीच्या जागी लगेच राग येऊन बसला.

"सिस्टर, आमच्या तपासण्या सगळ्या पास झाल्यात," ती म्हणाली. "वॉर्डात कुणीतरी बटण दाबलं असेल. घाईत होतं असं."

सिस्टर तिच्याकडे वळल्या. "बटणं मी दाबली होती. माझ्या हातांना घाई झाली, असं म्हणायचंय तुला? तू असतेस का त्या खाटेपाशी? तपासण्या पास! हौसाक्कांचा मुलगा बाहेर बाकावर बसलाय, त्याला जाऊन सांग तुझ्या तपासण्या!"

मगदूम सरांनी फोन उचलला आणि नव्या चिपेचा प्रत्येक पंप ज्या ज्या दवाखान्यात गेला होता, तिथून त्याच क्षणी परत मागवला. तस्लीमला ते झोंबले. तिला एका शब्दाने न विचारता, चूक तिचीच असे धरून, तिचे सगळे काम मागे बोलावले जात होते.

त्या दिवशी तिने प्रोग्रॅम पहिल्या अक्षरापासून वाचून काढला. कुठे खोट सापडेना. तपासणी पुन्हा लावली. उत्तरे तीच आली. दुपारी सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"या चिपेचा खाना केवढा आहे?"

"मोठा. तपासणीतच आलंय."

"विचारलं होतंस?"

"तेव्हाही विचारलं, आज पुन्हा विचारलं."

"कुणाला?"

हा काय प्रश्न झाला! तस्लीमने वळून पाहिले. "कुणाला म्हणजे? कम्पायलरला! आणखी कुणाला विचारणार, सर? तुम्हीच शिकवलंत ना?"

सरांनी तिच्या संगणकावर थोडा वेळ काहीतरी पाहिले, डोळे बारीक केले, आणि ते निघून गेले. तस्लीमने टेबलावर मूठ आपटली. आपल्यावर विश्वास नाही, तर तसे तोंडावर सांगावे! हे मागे उभे राहून जोखणे कशासाठी?

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावले. एस्तेर सिस्टरांनाही त्यांनी निरोप धाडला होता. त्या आल्या आणि हाताची घडी घालून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. सर तस्लीमच्या संगणकापुढे बसले. मग त्यांनी जे केले, त्याचा अर्थ कोणालाच लागेना. त्यांनी नवा कम्पायलर त्याच्या जागेवरून काढला, आणि त्याच्या जागी त्याच नावाची एक रिकामी फाइल ठेवली. तिच्यात एक अक्षर नव्हते.

"तस्लीम, खान्यांच्या मापाची तपासणी लाव."

"सर, कम्पायलरच काढून टाकलात. आता उत्तर कोण देणार?"

"लाव म्हणतो ना."

तिने खांदे उडवले आणि तपासणी लावली. आता पडद्यावर चुकांची लाल रांग लागणार, हे ठरलेलेच होते.

पडद्यावर उत्तरे उमटू लागली. लहान खाना आहे? आहे. मधला आहे? आहे. मोठा आहे? आहे. एकही प्रश्न अडला नाही.

सर एकेक उत्तर मोठ्याने वाचत गेले. "वा! काय हुशार दुभाषा! जागेवर नाही, तरी बोलतोय. हो म्हणतोय, प्रत्येक गोष्टीला हो म्हणतोय!"

कोणीतरी घाबरून हसले. ते हसू तस्लीमच्या कानात तापल्या सळईसारखे शिरले. आपण दोन दिवस कोणाशी बोलत होतो, ते तिला एका क्षणात कळले होते, आणि ते सगळ्यांच्या देखत कळले होते. तिने टेबल ढकलले. पेन, कागद, कोणाचा तरी चहा, सगळे जमिनीवर गेले; संगणक तेवढा सरांनी सावरला.

"हा तमाशा कशासाठी, सर? तुम्हाला कालच कळलं होतं! काल दुपारीच कळलं होतं, माझ्या मागे उभे होतात तेव्हा! मला एकटीला सांगता आलं नसतं? चार माणसांत माझी अब्रू काढायला सिस्टरांनाही बोलावलंत?"

मगदूम सर उभे राहिले. त्या कार्यशाळेत त्यांचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो चढला.

"हो, मुद्दाम बोलावलं! एकटीला सांगितलं असतं, तर तू एक ओळ बदलली असतीस आणि मोकळी झाली असतीस. या खोलीतल्या दुसऱ्या कुणीतरी उद्या तेच केलं असतं. आणि ही एकट्या तुझी चूक आहे, असं कोण म्हणालं? मी कालपासून जळतोय तो निम्मा स्वतःवर जळतोय! काम किती लवकर व्हायला लागलं, ते मी पाहिलं. त्यासाठी काय सोडलं, ते विचारायचं मलाही सुचलं नाही. आणि पंप संध्याकाळपर्यंत चालला म्हणून खूश होऊन घरी जेवायला गेलो, तो मीच. अब्रूचं काय घेऊन बसलीस? तिकडे एक बाई श्वासासाठी झगडतेय."

ते थांबले. पुढचे त्यांनी हळू आवाजात सांगितले, पण त्यातली धग तशीच होती.

"ऐक. काम निराळं आणि साक्ष निराळी. काल केलेलं काम आज पुन्हा वापरावं, त्यात शहाणपणच आहे. तुझा साठा त्यासाठी उत्तम आहे. पण काल दिलेली साक्ष आज वापरता येत नाही. साक्षीदार समोर उभा असेल तरच साक्षीला किंमत. मोठा प्रोग्रॅम तू बदललास, म्हणून तो नव्या दुभाष्यापर्यंत पोचला. प्रश्न मात्र कधी बदलत नाहीत, त्यांचं अक्षरन् अक्षर तेच. साठ्यानं पाहिलं, हे तर आपल्याकडे आहे. दुभाषा तोच आहे का, हे विचारायला तूच त्याला बंदी केली होतीस. मग त्यानं जुन्या चिपेची उत्तरं काढून तुझ्या हातावर ठेवली. आणि आपण दोघांनी ती डोळे मिटून घेतली. तपासणीनं हो म्हटलं, याचं मला आता कौतुक नाही. ती वेळेला नाही म्हणते का, ते आधी दाखव."

तस्लीमचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. तिने सांडलेला चहा ओलांडला, संगणक आपल्याकडे वळवला, खरा कम्पायलर जागेवर आणून ठेवला, आणि प्रश्न साठ्याला वगळून थेट त्याच्याकडे जातील असे केले. तपासणी लावली. या वेळी उत्तरे झरझर आली नाहीत. एकेक प्रश्न कम्पायलरच्या दारात उभा राहत होता.

लहान खाना आहे? आहे. मधला आहे? आहे. मोठा आहे?

नाही.

तस्लीमने तो शब्द पाहिला आणि उरलेले सगळे तिच्यापुढे आपोआप उलगडले. पंपाची मोटर प्रत्येक हालचाल मोजत असते. खाना मोठा, अशा समजुतीने संख्या दोन खान्यांत वाटण्याची तजवीज वगळली गेली होती. प्रत्यक्षात या चिपेत मोठा खाना नव्हताच. संध्याकाळपर्यंत मोजणी त्यात मावली. रात्र सरता सरता खाना काठोकाठ भरला आणि मोजणी शून्यावर आली. पंपाला वाटले, अजून एक थेंबही दिलेला नाही. त्याने शिकवल्याप्रमाणे सुरुवातीचा वेगाचा डोस पुन्हा सोडला. पंपाने कुठेच आज्ञा मोडली नव्हती.

तिचा राग गेला नाही. सरांवरून उठला आणि तिच्याच छातीवर येऊन बसला, एवढेच.

"कळलं मला सगळं," भिंतीजवळून सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्हाला कळलं म्हणून हौसाक्का उठून बसत नाहीत. चल माझ्याबरोबर. त्यांच्या मुलाला हे तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

तस्लीम गेली. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर हौसाक्कांचा मुलगा सिद्राम बसला होता. उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता तो; ट्रक कोणाच्या तरी हवाली करून आला होता. तस्लीमने त्याला सगळे सांगितले. काही लपवले नाही, वॉर्डातल्या बटणांवर आपण बोट दाखवले होते हेही सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले.

"यंत्र चुकतं, ते मला कळतं ताई," तो म्हणाला. "माझी गाडीपण बिघडते. पण दर खेपेला ब्रेक दाबून बघतो मी. काल लागला होता म्हणून आज लागंलच, असं म्हणून घाट उतरत नाही." मग एकाएकी त्याचा आवाज फुटला. "माझी आई हाय ती आत! जावा तुम्ही इथनं!"

ती गेली नाही. थोडी दूर सरकून, पायरीवर बसून राहिली. तो पुन्हा तिच्याशी बोलला नाही. नातेवाइकांना आत सोडण्याची वेळ झाल्यावर तो उठून गेला, तेव्हा ती उठली.

हौसाक्का वाचल्या. घरी जायला त्यांना बरेच आठवडे लागले, आणि पूर्वीसारखे चालणे त्यांना पुढे कधी जमले नाही. सिद्रामने कार्यशाळेला माफ केले, असे कोणी ऐकले नाही. तस्लीमनेही त्याच्याकडे माफी मागण्यापलीकडे काही मागितले नाही.

कार्यशाळेत साठा राहिला. मोठ्या कामाला तो लागतच होता. पण कम्पायलरची ओळख पटवून घेण्याची चौकशी पुन्हा सुरू झाली, आणि प्रश्न साठ्याच्या वाटेने पाठवायचे नाहीत असे ठरले. शिवाय दर नव्या बांधणीआधी एकजण तपासणीला लागणारी एखादी वस्तू, कधी कम्पायलरसुद्धा, मुद्दाम काढून टाकी, आणि तपासणी नाही म्हणते का ते बघे. वेळ जाऊ लागला. नव्याने आलेली मंडळी कुरकुरत, तेव्हा तस्लीम त्यांच्यावर अशी खेकसे, की सर आपल्या खोलीतून चष्म्यावरून पाहत आणि पुन्हा कामाला लागत.

दुरुस्त केलेला पहिला पंप घेऊन ती स्वतः वॉर्डात गेली. एस्तेर सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिले, हसल्या नाहीत.

"हा नीट आहे?"

"हो, सगळ्या..." एवढे तिच्या तोंडून निघून गेले. ती थांबली. "थांबा, सिस्टर. बघून सांगते."

कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टँडला तिने पाण्याची पिशवी अडकवली, खाली काचेचे मापाचे भांडे ठेवले आणि पंप चालू केला. मग एक स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली. सिस्टर आपल्या खाटांकडे निघून गेल्या. संध्याकाळ झाली, ड्यूटी बदलली, सिस्टर घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर त्या परतल्या, तेव्हा तस्लीम स्टुलावरच होती. डोळे तांबारले होते. थेंब पडत होते, मुंगीच्या पावलाने. जिथे मागच्या पंपाची मोजणी शून्यावर आली होती, ती वेळ केव्हाच मागे पडली होती.

"आता सांग," सिस्टर म्हणाल्या. "नीट आहे?"

"आत्तापर्यंत नीट आहे," तस्लीम म्हणाली. "उद्या पुन्हा विचारा."

"विचारणारच आहे. रोज विचारणार आहे."

सिस्टरांच्या आवाजातली धार अजिबात कमी झालेली नव्हती. पण आज तस्लीमला ती लागली नाही. तिने पंप पुसला आणि त्यांच्या हातात दिला.